क्लचच्या वायरीतली मोकळी चाल

मोटारसायकलचा गिअर घट्ट पडू लागला, न्यूट्रलची हिरवी बत्ती काही केल्या लागेनाशी झाली, किंवा सिग्नलपाशी क्लच पुरता दाबून उभे असतानाही गाडी पुढच्या रिक्षाच्या अंगावर हळूहळू सरकू लागली, म्हणजे सर्वसाधारण स्वाराचा संशय प्रथम गिअरबॉक्सवर जातो. आणि गिअरबॉक्स ही वस्तू इंजिनाच्या पोटात, तेलात बुडालेली, सहसा कोणाच्या दृष्टीस न पडणारी असल्यामुळे तिच्यावर ठेवलेला आरोप लगेच शाबीतही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. वस्तुतः अशा बहुतेक तक्रारींचे मूळ गिअरबॉक्सात नसून डाव्या मुठीसमोरच्या लिव्हरपासून इंजिनापर्यंत गेलेल्या, जेमतेम मीटरभर लांबीच्या केबलमध्ये असते, आणि तिचा बंदोबस्त दोन बोटे, पान्यांची जोडी आणि थोडे धैर्य एवढ्या सामग्रीवर घरच्या अंगणात होण्याजोगा असतो. तो होत नाही याचे कारण हे की, या केबलीविषयी लोकांत एक समजूत पक्की रुजलेली आहे: वायर जितकी घट्ट तितका क्लच चांगला. ही समजूत साफ चुकीची असून तिच्या पायी दरसाल कितीतरी क्लचप्लेटा अकाली जळतात, असे माझे मत आहे.

क्लचचा कस पाहणाऱ्या जितक्या म्हणून गोष्टी आहेत, त्या ट्रॉम्बेच्या टापूत जणू ठरवून एकत्र आल्या आहेत. एका बाजूस ठाण्याची खाडी, मध्ये डोंगर आणि दुसऱ्या बाजूस माहुलची खाजणे, अशा या चिंचोळ्या भूभागात १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहिला. १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टात ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पुढे खतकारखाना आला, अणुशक्तीनगर वसले, आणि १९७३ साली खाडीवरचा पूल खुला झाल्यावर वाशीकडची रहदारीही मानखुर्दच्या नाक्यावर येऊन मिळाली. इतक्या साऱ्या कारखान्यांच्या आणि दप्तरांच्या पाळ्या भरण्या-सुटण्याच्या वेळी शीव-ट्रॉम्बे रस्त्यावर जी दाटी होते, तीत तेलाच्या टँकरमागे माणसाच्या चालीने सरकणाऱ्या मोटारसायकलस्वाराची डावी मूठ एका मैलात जितक्या वेळा मिटते-उघडते, तितक्या वेळा ती घाटमाथ्यावरच्या एखाद्या गावच्या स्वाराची दिवसभरातही मिटत नसेल. त्यातही क्लच पुरता दाबलेला नाही आणि पुरता सोडलेलाही नाही, अशा ज्या मधल्या अवस्थेला आपण हाफ क्लच म्हणतो, तिच्यातच बराचसा प्रवास उरकतो. खाडीवरचा खारट वारा आणि दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा मुंबईचा पाऊस यांचे काम रात्री गाडी उभी असतानाही चालू राहते, ते वेगळेच.

आता क्लचचे कार्य पाहू. इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू द्यायची की वाटेत अडवायची, याचा अखत्यार क्लचकडे असतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत तो तेलात बुडालेला असतो आणि त्यात घर्षणाचे अस्तर लावलेल्या प्लेटा व साध्या पोलादी प्लेटा भाकऱ्यांची चवड रचावी तशा, परंतु आलटून पालटून, रचलेल्या असतात. अस्तराच्या प्लेटा बाहेरच्या टोपलीसारख्या हाउसिंगमध्ये अडकलेल्या असल्यामुळे इंजिनाबरोबर फिरतात, तर पोलादी प्लेटा आतल्या तुंब्यावर बसलेल्या असून तो तुंबा गिअरबॉक्सचा दांडा फिरवतो. चार-सहा दणकट स्प्रिंगा वरच्या प्रेशर प्लेटमार्फत ही सगळी चवड सतत आवळून धरतात, म्हणून लिव्हर मोकळी असताना दोन्ही प्रकारच्या प्लेटा एकजीव होऊन फिरतात. लिव्हर ओढली की केबल इंजिनावरचा छोटा दांडा वळवते, दांडा प्रेशर प्लेटला ढकलतो, स्प्रिंगा दबतात आणि चवड सैल होते. सैल होते म्हणजे किती? येथे थोडा हिशेब केल्यावाचून गत्यंतर नाही, कारण क्लचच्या सर्व तक्रारींची किल्ली याच हिशेबात आहे.

लिव्हरच्या टोकापासून तिच्या खिळ्यापर्यंतचे अंतर हे त्या खिळ्यापासून केबल अडकते तिथपर्यंतच्या अंतराच्या साधारण पाच-सहा पट असते. अर्थात बोटांनी लिव्हरचे टोक साठ मिलिमीटर ओढले, तर केबल जेमतेम दहा-बारा मिलिमीटर सरकते. हीच केबल इंजिनाजवळच्या दांड्याच्या लांब टोकाला ओढते आणि दांड्याचे आखूड टोक प्रेशर प्लेटला ढकलते, म्हणून तेथे उरते ती हालचाल अवघी दीड-दोन मिलिमीटरांची. ही दोन मिलिमीटर जागा चार-पाच अस्तराच्या प्लेटांच्या दोन्ही अंगांना वाटून दिली, म्हणजे प्रत्येक पृष्ठाच्या वाट्याला पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी फट येते. बोटांच्या मोठ्या हालचालीचे इतके बारीक चूर्ण होऊन ती प्लेटांपर्यंत पोहोचते. सबब, लिव्हरमध्ये मोकळी चाल वीस मिलिमीटर अधिक झाली, तर स्वाराला ते हाताचे किरकोळ सैलपण वाटते खरे, पण केबलीच्या बाजूने साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एकूण ओढीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, फुकट जातो. प्लेटा सुटतात पण पुरत्या सुटत नाहीत, आणि तेलाच्या चिकटपणाने एकमेकींना ओढत राहतात. न्यूट्रल न लागणे, पहिल्या गिअरला दणका बसणे, गाडी पुढे सरकणे ही सारी या एका दोषाचीच निरनिराळी रूपे होत.

न्यूट्रलची कैफियत तर विशेष ऐकण्यासारखी आहे. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधली चक्रे एकमेकांत कायमची गुंतलेली असतात. गिअर बदलताना चक्रांचे दाते एकमेकांत घुसत नाहीत, तर चक्रांच्या कुशीवर असलेल्या जाड खुंट्या शेजारच्या चक्राच्या खाचांत शिरतात किंवा तेथून बाहेर पडतात. या खुंट्यांवर इंजिनाचा रेटा असेपर्यंत त्या खाचेच्या भिंतीला घट्ट चिकटून राहतात आणि पायाने कितीही दाबले तरी निघत नाहीत. क्लच पुरता सुटला की रेटा संपतो आणि त्या लोण्यातून सुरी निघावी इतक्या सहज निघतात. म्हणूनच दोष कोठे आहे हे ठरविण्याची एक सोपी तजवीज आहे: इंजिन बंद करून गाडी किंचित पुढेमागे हलवीत पायाने न्यूट्रल शोधावे. बंद इंजिनावर न्यूट्रल विनासायास लागते आणि चालू इंजिनावर लागत नाही, असे आढळले तर गिअरबॉक्सची निर्दोष मुक्तता करण्यास हरकत नाही. गुन्हेगार क्लच आहे, आणि त्यातही प्रथम संशयित त्याची केबल.

ही केबल ज्या युक्तीवर चालते तिचे पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ साली इंग्लंडात घेतले, आणि प्रारंभी तिचा वापर सायकलच्या ब्रेकसाठी झाला. पोलादी पट्टीचे घट्ट वेटोळे करून केलेली बाहेरची नळी आणि तिच्यातून सरकणारी बारीक तारांची पिळलेली वायर, एवढाच तिचा संसार. नळी वाकवता येते, पण तिची लांबी दाबून कमी होत नाही, आणि त्यामुळे आतली वायर जितक्या जोराने ओढली जाते तितक्याच जोराने बाहेरची नळी दोन्ही टोकांशी दाबली जाते. यातून निघणारी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. लिव्हरपाशी असलेला दातेरी अॅडजस्टर बाहेर फिरवला म्हणजे ‘वायर ताणली’ असे आपण म्हणतो, पण वायरीला तो स्पर्शही करीत नाही. तो फक्त बाहेरच्या नळीचा टेकू पुढे सरकवतो, नळीची वाट लांबवतो, आणि ठरावीक लांबीच्या वायरीला त्या लांबलेल्या वाटेवरून जावे लागल्यामुळे तिच्यातली ढिलाई संपते. नळी कोठे चेपली असेल, टाकीखाली मुरडली असेल किंवा तिचे टोक अॅडजस्टरच्या खोबणीत नीट बसलेले नसेल, तर अॅडजस्टर कितीही फिरवला तरी हिशेब जुळत नाही, तो याच कारणामुळे.

मोकळी चाल किती असावी, याविषयी उत्पादकांच्या पुस्तिकांत दोन प्रकारचे आकडे आढळतात आणि ते वाचून पुष्कळांचा गोंधळ होतो. शंभर-सव्वाशे घनसेंटिमीटरच्या अनेक गाड्यांसाठी लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर सांगितलेले असतात, तर इतर कित्येक गाड्यांसाठी लिव्हरच्या बुडाशी, तिच्या आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत, २ ते ३ मिलिमीटर. वर दिलेल्या पाच-सहा पटीच्या हिशेबाने पाहिले तर हे दोन्ही हुकूम एकाच गोष्टीचे आहेत. एक टोकाशी मोजतो आणि दुसरा बुडाशी, इतकेच. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तो प्रमाण मानावा.

परंतु ही दोन-तीन मिलिमीटर ढिलाई मुळात ठेवायचीच कशाला? यासाठी की, लिव्हर सोडलेली असताना स्प्रिंगांनी चवड पूर्ण ताकदीने आवळावी आणि त्या कामात केबलीने तिळभरही ढवळाढवळ करू नये. वायर तंग ठेवली, की प्रेशर प्लेटवर अहोरात्र थोडा दाब राहतो, स्प्रिंगांची पकड तितकी कमी होते आणि भार पडताच प्लेटा घसरतात. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. पण मागे माणूस बसवून पुलाचा चढ चढताना एक्सलरेटर पिळावा, इंजिनाने आवाज चढवावा आणि गाडीने मात्र वेग घेऊ नये, असे होऊ लागले म्हणजे अस्तर घासले जात आहे असे समजावे. त्याचा जळका वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

येथे खरा घोटाळा असा आहे की, मोकळी चाल आपोआप बदलत असते, आणि ती बदलविणारी कारणे परस्परविरुद्ध दिशांनी ओढतात. वायर वापराने किंचित लांबते, नळीची टोके बसतात, त्यामुळे ढिलाई वाढते. उलटपक्षी अस्तर झिजले की चवडीची जाडी कमी होते, प्रेशर प्लेट आपली जागा बदलते आणि बहुतेक रचनांत त्यामुळे ढिलाई घटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्यास लिव्हर हाताला पूर्वीसारखीच लागते आणि स्वार निर्धास्त राहतो. तिसरे कारण उष्णतेचे: दाटीत सतत हाफ क्लचवर चालल्यामुळे प्लेटा तापून थोड्या फुगतात, चवड जाड होते आणि लिव्हरमध्ये एरवी नसलेली ढिलाई येते. अशा वेळी, संध्याकाळची पाळी सुटल्यावर मानखुर्दपर्यंत रखडत आलेला माणूस रस्त्याकडेच्या गॅरेजात गाडी उभी करून ‘क्लच टाइट करून दे’ म्हणतो, गॅरेजमधला पोरगा तत्परतेने दोन आटे फिरवून देतो, गिअर तत्क्षणी लोण्यासारखा पडू लागतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना, प्लेटा पूर्ववत झाल्यावर, लिव्हरमध्ये मोकळी चाल नावालाही उरलेली नसते. आदल्या संध्याकाळचा निकाल असा रातोरात उलटतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी क्लचप्लेटा बदलण्याची पाळी आली म्हणजे दोष प्लेटांच्या कंपनीला दिला जातो. म्हणून पुस्तिकेत निराळे सांगितलेले नसेल तर केबलीचे माप थंड इंजिनावर, सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हँडल सरळ करावे. लिव्हरपाशी रबरी टोपी असल्यास ती मागे सारावी. आत एक दातेरी अॅडजस्टर आणि त्याला जखडणारी दातेरी चकती दिसेल. चकती सैल करून अॅडजस्टर जवळजवळ पुरता आत घ्यावा, दोन-तीन आटे बाहेर ठेवून. कारण वरचा अॅडजस्टर हा बारीक फेरफारांचा आहे, आणि तो आधीच टोकापर्यंत बाहेर काढून ठेवला तर अडीअडचणीला फिरवायला काही शिल्लक राहत नाही, शिवाय उघडे पडलेले आटे वाकून मोडण्याची भीती. मग खाली, इंजिनाजवळ केबल जिथे ब्रॅकेटमध्ये शिरते तेथील दोन नटांकडे वळावे, एक सैल करून दुसरा फिरवावा आणि मोकळी चाल इष्ट मापाच्या आसपास आणावी. खालचे नट आवळताना नळी पिळली जाऊ नये म्हणून दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे. उरलेला एखाद-दुसरा मिलिमीटर वरच्या अॅडजस्टरने जुळवावा, चकती आवळावी आणि अॅडजस्टर, चकती व लिव्हरचा ब्रॅकेट यांतल्या खाचा एका ओळीत राहिल्या नाहीत याची खात्री करावी. त्या ओळीत असतात तेव्हाच वायर बाहेर निघते, आणि पावसाचे पाणी नळीत शिरण्यासही तेवढीच वाट पुरते. बुलेटच्या काही जुन्या जातींत याशिवाय क्लचच्या आतल्या दांड्याचा निराळा स्क्रू असतो. तो असल्यास केबल पुरती सैल करून प्रथम त्याचा बंदोबस्त करावा लागतो, एरवी बाहेरची सारी मेहनत पाण्यात जाते.

त्यानंतर हँडल डावीकडे आणि उजवीकडे टोकापर्यंत वळवून दोन्ही ठिकाणी मोकळी चाल पुन्हा तपासावी. एका बाजूला वळवताच ती नाहीशी होत असेल, तर केबलीचा मार्ग चुकला आहे. ती कोठेतरी हेडलाइटच्या मागे किंवा टाकीखाली अडकते आहे. शेवटी इंजिन चालू करून, मागचे चाक जमिनीपासून उचललेले असताना, क्लच दाबून पहिला गिअर टाकावा. चाक थोडेसे फिरेल, विशेषतः तेल थंड असताना, आणि त्यात वावगे काही नाही. पण मागचा ब्रेक हलकेच दाबताच ते इंजिनाला धक्का न देता थांबले पाहिजे. या परीक्षेच्या वेळी चेनजवळ आणि आऱ्यांजवळ बोटे नेऊ नयेत, हे सांगावे लागते ही शोचनीय गोष्ट आहे.

एवढे करूनही लिव्हर जड लागत असेल, तर अॅडजस्टरला हात न लावता वायर बाहेर काढून पाहावी. लिव्हरच्या बाजूच्या टोकाला धातूची जी गोळी ओतलेली असते, जिला गॅरेजात निप्पल म्हणतात, तिच्या अगदी लगत, बोटाचे पेर मावेल एवढ्या अंतरात, पहिली तार तुटते. कारण लिव्हर वळताना निप्पल आपल्या खोबणीत फिरले पाहिजे, आणि तेथे ग्रीस वाळून गेले असले की निप्पल फिरण्याऐवजी वायरच दर वेळी वाकते. तुटलेल्या तारेचे टोक केसासारखे बाहेर उभे राहते, बोटाला टोचते, आणि नळीच्या तोंडाशी अडकून लिव्हर अडखळवते. एक तार तुटली की तिचा भार उरलेल्यांवर पडतो, आणि मग त्याही एकामागून एक जातात. अशी वायर तेल घालून सुधारत नाही. ती बदलायचीच असते. खाडीच्या वाऱ्याने नळीच्या आत चढणारा तांबूस गंज मात्र सुरुवातीला तेलाने आवरता येतो. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर असो की पुण्याच्या पेठेत, जुने मिस्त्री यासाठी एक बिनखर्ची साधन वापरतात: प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून तो केबलीच्या वरच्या टोकाभोवती दोऱ्याने घट्ट बांधायचा, पिशवीत पातळ तेल ओतायचे आणि वायर खालीवर करीत ते दुसऱ्या टोकातून ठिबकू लागेपर्यंत केबल उभी टांगून ठेवायची. प्रथम काळपट, गंजमिश्रित तेल गळते, मग स्वच्छ. ज्या केबलींच्या नळीला आतून प्लॅस्टिकचे अस्तर आहे, त्यांत जाड ग्रीस भरू नये. ते धूळ धरून बसते. लिव्हरच्या खिळ्याला आणि निप्पलच्या खोबणीला मात्र ग्रीसच हवे, आणि ते पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळा सरल्यावर असे दोनदा लावले की पुरे.

क्लच तेलात बुडालेला असल्यामुळे तेलाचाही थोडा मुलाहिजा राखावा लागतो. मोटारींसाठी मिळणाऱ्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती मोटारीच्या इंजिनाला हितावह, परंतु मोटारसायकलच्या प्लेटांना घातक, कारण त्यांचे सारे काम घर्षणावरच चालते. डब्यावर जासो एमए ही मुद्रा पाहूनच तेल घ्यावे. जपानी उत्पादकांनी १९९८ साली ठरविलेल्या मानकाची ती खूण आहे. तेल बदलल्या दिवसापासून क्लच घसरू लागला, तर केबलीला छळू नये.

आमच्या आधीच्या पिढीला या सर्व प्रकरणाची जाण अधिक होती, याचे कारण तिच्या वाहनांनी तिला सक्तीनेच शिकविले. भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात तयार होणाऱ्या लॅम्ब्रेटा आणि पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज स्कूटरी यांत गिअर हातानेच, मूठ पिळून बदलावा लागे. क्लचच्या वायरीबरोबर गिअरच्याही वायरी असत, आणि डिकीत एक जादा क्लचवायर व पक्कड नसलेला स्कूटरवाला विरळा. म्हैसूरच्या जावा आणि येझदी यांची तऱ्हा निराळी. त्यांत गिअरच्या पायपट्टीवर पाय दाबताच क्लच आपोआप उचलला जाई, त्यामुळे त्यांचे काही मालक चालू गाडीत लिव्हरला हात लावणे सोडूनच देत. आजच्या स्वाराची वायर तुटली तर तो गाडी ढकलत नेतो. वास्तविक रस्ता मोकळा असेल तर इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करून, पायांनी गाडीला गती देऊन पहिला गिअर टाकता येतो, आणि पुढचे गिअर एक्सलरेटर क्षणभर मिटून, रेटा नाहीसा होतो त्या निमिषात, बदलता येतात. मात्र दाटीच्या रस्त्यावर, जिथे पदोपदी थांबावे लागते, तिथे हा प्रयोग करणे म्हणजे आपल्याबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालणे होय.

खालच्या अॅडजस्टरचे आटे संपले असतील आणि तरीही माप जुळत नसेल, तर केबलीचे किंवा प्लेटांचे आयुष्य सरले असे मानून तपासणी मिस्त्रीकडे सोपवावी. नवी केबल घालताना जुनी लगेच ओढून काढू नये. नवी तिच्या शेजारून, त्याच वळणांनी, त्याच क्लिपांतून नेऊन मगच जुनी सोडवावी, म्हणजे मार्ग चुकण्याचा प्रश्न उरत नाही. नव्या केबलीची नळी आणि टोके पहिल्या काही दिवसांत थोडी बसतात, आणि लावते वेळी अचूक असलेली मोकळी चाल आठवडाभरात वाढलेली आढळते. तेव्हा एका सकाळी थंड इंजिनावर वरचा अॅडजस्टर अर्धा आटा बाहेर घ्यावा आणि चकती पुन्हा आवळावी.